मानेवरची गाठ दाबून झाली, आता पुढे?

सोलापूरच्या पूर्व भागात फिजिओथेरपीचा दवाखाना चालवायचा म्हणजे मान, खांदा आणि अंगठा यांच्याशी रोजचा संबंध. इथल्या कितीतरी घरांतल्या बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापात कापलेली तेंदूची पानं, बाजूला दोरा. पान ओलसर आहे तोवर वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक दुमडायचं आणि पुढचं पान उचलायचं. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे मान वर करायलाही वेळ मोडतो. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ते मानेवर नीट तोललेलं असलं की स्नायूंना फार कष्ट पडत नाहीत. पुढे झुकलं की मानेच्या मागच्या आणि खांद्यावरच्या स्नायूंना ते धरून ठेवावं लागतं, तेही दिवसभर.

इथे बहुतेक बायकांना मी अक्काच म्हणते, तीच रीत आहे. अक्का आत येतात, खुर्चीवर टेकतात आणि मान व खांद्याच्या मधल्या मांसल भागावर दोन बोटं ठेवतात. "मॅडम, इक्कड (तेलुगूत 'इथे'). ही गाठ फोडून द्या." सोबत प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे असतो, मानेत 'गॅप' आल्याचं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि पेनकिलरच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी असते.

ती गाठ मी दाबते. दाबायलाच हवी. पण तेवढ्यावर अक्कांना घरी पाठवलं तर दोन दिवसांनी त्या पुन्हा त्याच खुर्चीवर असतात. हाताने मिळणारा आराम खरा असतो, पण तो थोड्या वेळाचा असतो. त्या थोड्या वेळात शेजारच्या दुबळ्या स्नायूला कामाला लावलं तर दुखणं हटायला लागतं. ही दुसरी पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी गाठीबद्दल. खांद्यावरच्या ट्रॅपेझियस स्नायूवरून बोट आडवं फिरवलं की ताणलेल्या दोरीसारखा एक पट्टा हाताला लागतो आणि त्या पट्ट्यात एक बारीक, फार हुळहुळी जागा सापडते. तिथे दाबलं की कळ तिथेच थांबत नाही. मानेच्या कडेने वर चढते, कानामागे जाते आणि कानशिलापर्यंत पोहोचते. अक्का डोळे मिटून म्हणतात, "हेच, हेच. डोकं दुखतं ते हेच." त्यांनी डोकेदुखीसाठी डोळे तपासून घेतलेले असतात, पित्ताची गोळी चालू असते, आणि दुखण्याचा उगम खांद्यावर असतो. अशा जागांना ट्रिगर पॉइंट म्हणतात. जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकन डॉक्टरांनी कोणत्या स्नायूतली जागा दाबली की कळ कुठे जाते, याचे नकाशे डेव्हिड सिमन्स यांच्याबरोबर तयार केले. याच ट्रॅव्हेलबाई अध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीवर उपचार करत आणि पुढे व्हाइट हाउसच्या डॉक्टर झाल्या. ही गाठ आतून नेमकी कशी बनते यावर तज्ज्ञांचे अजून मतभेद आहेत. कळेची वाट मात्र मला रोज बोटाखाली सापडते.

आता दाबायचं कसं. तेल लावून नाही. तेल लावलं की बोट घसरतं आणि मला नेमकी जागा धरून ठेवायची असते. अक्कांना पालथं झोपायला बरेचदा संकोच वाटतो, कुणाला दम लागतो. मग त्या कॉटसमोर स्टुलावर बसतात, कॉटवर दोन उशा, त्यावर कपाळ आणि हात. पडदा ओढलेला, पदर नीट केलेला, खांद्यावर आपल्या सोलापूरचाच टॉवेल. अंगाला हात लावण्याआधी मी काय करणार ते सांगते आणि विचारते. जी बाई अंग चोरून बसली आहे तिचा स्नायू कितीही दाबा, सैल होत नाही.

अंगठ्याचं टोक रुतवायचं नाही, पेर सपाट ठेवायचं. हळूहळू वजन टाकायचं आणि जिथे स्नायू पहिल्यांदा विरोध करतो तिथे थांबायचं. अक्कांना मी सांगते, दुखणं दहापैकी पाच-सहाच्या वर गेलं की मला थांबवा. दातओठ खावे लागले तर तो दाब जास्त झाला. मग वाट बघायची. अर्धा मिनिट, कधी मिनिटभर, कधी थोडं अधिक. अचानक बोटाखालचा पट्टा नरम पडतो, अंगठा आपसूक जरासा आत जातो आणि त्याच वेळी अक्कांचा श्वास मोठा होतो. शिकाऊ मुली येतात तेव्हा त्यांना मी ह्याच क्षणाला हात ठेवायला लावते. पुस्तकात वाचून ते कळत नाही.

त्या क्षणी काही 'फुटत' नाही. स्नायूवरचं आवरण इतकं चिवट असतं की बोटाच्या दाबाने ते लांबवणं शक्य नाही. बदल होतो तो मुख्यतः मज्जासंस्थेत. 1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेचा 'गेट कंट्रोल' सिद्धांत मांडला. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत पोहोचले की वेदनेच्या संदेशांची वाट अरुंद होते, असं त्याचं सूत्र. पुढे त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, मूळ विचार टिकला. पोराला लागलं की आई ती जागा चोळते, ते उगीच नव्हे. सुरक्षित, संथ स्पर्शाने मेंदू पहारा थोडा ढिला करतो आणि स्नायू सैल पडतो. हाताचा आराम काही तासांचा किंवा फार तर एक-दोन दिवसांचा का असतो, तेही यातून समजतं. स्नायूची ताकद काल होती तेवढीच आज आहे. काम तेच आहे. मेंदूला पहारा पुन्हा कडक करायला सबळ कारण आहे.

म्हणून काळेनिळे डाग पडेपर्यंत रगडून घेण्याला माझा सक्त विरोध आहे. "जोरात करा, सवय आहे आम्हाला," असं म्हणणाऱ्या बायका कष्टाला सरावलेल्या असतात. मजुरी करायची तर सोसावं लागतं, तसंच बरं व्हायचं तरी सोसावं लागतं अशी त्यांची समजूत झालेली असते. मला त्यांना हे पटवून द्यावंसं वाटतं की उपचार सोसायची गरज नाही.

आता शेजारच्या स्नायूकडे येते. गाठ नरम पडल्यावर मी अक्कांना सांगते, हात डोक्याच्या दिशेने तिरका वर, इंग्रजी वाय अक्षरासारखा करा आणि उशीवरून फक्त जरासा उचला. कित्येकींना तो उचलता येत नाही. खांदा कानाकडे चढतो, हात तिथेच. पाठीत, खांद्याच्या पात्यावरच्या आडव्या उंचवट्यापासून तिरका खाली कण्याकडे जाणारा ट्रॅपेझियसचा खालचा भाग असतो. पातं खाली आणि मागे धरून ठेवणं हे त्याचं काम. ते तो करत नाही, म्हणून वरचा भाग दिवसभर दुप्पट राबतो आणि आखडतो. पुढच्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली बोटं घातली की छातीचा छोटा स्नायू कडक लागतो. तो पातं पुढे ओढत असतो. आणि मानेच्या आत, घशामागे जे बारीक स्नायू हनुवटी आत घेऊन मान सावरतात, ते झोपलेले असतात.

घट्ट आणि अशक्त स्नायूंची ही आलटून-पालटून येणारी जोडी व्लादिमीर यांडा या चेक डॉक्टरांनी ओळखली आणि जगभरच्या फिजिओंना शिकवली. यांडांना स्वतःला लहान वयात पोलिओ झाला होता. आपल्याकडेही फिजिओथेरपीचं शिक्षण पोलिओच्या साथींमुळेच उभं राहिलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने जी शाळा निघाली, ती पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांसाठी. आमच्या आधीच्या पिढीतल्या शिक्षकांचे हात त्या मुलांवर घडले होते. पोलिओने दुबळा झालेला एकेक स्नायू वेगळा चाचपून बघायचा, त्याला शून्य ते पाच असे गुण द्यायचे. शून्य म्हणजे हालचाल नाहीच. एक म्हणजे हालचाल नाही, पण बोटाखाली स्नायू जरासा आकसल्याचं जाणवतं. तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल. पाच म्हणजे पुरेपूर ताकद. भारतात पोलिओची शेवटची नैसर्गिक लागण 2011 मध्ये सापडली आणि 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पोलिओ गेला ही केवढी मोठी गोष्ट! मात्र त्या निमित्ताने आलेली एकेका स्नायूला हाताने तपासायची शिस्त आता मागे पडत चालली आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अक्कांच्या पाठीतला तो खालचा भाग मी माझ्या बोटांनी हलकेच टपटपवते. पातं तळहाताने धरून खाली-मागे नेते आणि म्हणते, "मी नेते तिकडे माझ्याबरोबर या." पहिल्यांदा सगळं काम माझा हात करतो. मग निम्मं. मग मी हात नुसता टेकवून ठेवते आणि स्नायू स्वतः जागा होताना हाताला जाणवतो. छातीच्या घट्ट स्नायूसाठी वेगळी युक्ती. मी खांद्यावर हात ठेवते आणि अक्कांना माझ्या हाताविरुद्ध अगदी थोडं ढकलायला सांगते. सगळा जोर नाही, त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. सात-आठ सेकंद धरायचं, मग श्वास सोडत सगळं सैल सोडायचं. ढकलून सोडलं की स्नायू पहिल्यापेक्षा थोडा जास्त लांब जातो. तीन-चार वेळा केलं की खांदा मागे टेकतो. हे झाल्यावर लगेच, त्याच बैठकीत, तो वायसारखा हात पुन्हा. आता तो इंचभर उचलला जातो. अक्कांचा स्वतःचा त्यावर विश्वास बसत नाही. ही उचल महत्त्वाची, कारण ती त्यांच्या ताकदीची असते.

घरी काय करायचं, हा प्रश्न व्यायामाचा कागद हातात देऊन सुटत नाही. ज्या बाईचा वेळ विड्यांच्या हिशेबात बांधलेला आहे तिला "रोज सकाळी चाळीस मिनिटं" सांगणं निष्ठुरपणाचं आहे. म्हणून मी अक्कांना सूप घेऊन यायला सांगते. दवाखान्यातच चटई टाकून त्या बसतात, आम्ही दोघी बघतो. घडी केलेली गोधडी बुडाखाली घातली की ढुंगण गुडघ्यांपेक्षा वर येतं आणि कंबर आपोआप सरळ होते. पाठ भिंतीला लागली की निम्मं ओझं कमी. सूप मांडीऐवजी छोट्या पाटावर ठेवून वर आणलं की मान तेवढी कमी झुकते. विड्यांचं एक बंडल झालं की हात भिंतीवर टेकून वर सरकवायचे आणि हनुवटी आत घ्यायची, पाचदा. बंडल हेच घड्याळ. ते लक्षात राहतं आणि मजुरी बुडत नाही.

अंगठ्याचा विषय जवळचा म्हणून थोडक्यात. पान वळताना अंगठा जे करतो त्याने मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूचे स्नायुबंध सुजतात. मूठ मिटून, अंगठा आत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवलं की कळ मस्तकात जाते. तिथे रगडायचं नाही. काही आठवडे अंगठ्याला आधाराचा पट्टा, कोपराखालच्या स्नायूंना हलका हात आणि मग हळूहळू ताकदीचे व्यायाम. फिजिओंचे अंगठेही असेच झिजतात. म्हणून मी मोठ्या स्नायूंवर कोपर किंवा बोटांची मधली पेरं वापरते आणि अंगठा फक्त बारीक कामासाठी राखून ठेवते. नव्या मुलींनो, हे पहिल्या वर्षापासून करा.

घट्ट वाटणारा प्रत्येक स्नायू ताणायचा नसतो, हे मात्र ठासून सांगायचं आहे. आमच्याकडे यंत्रमागावरचे कामगारही खूप येतात. एक दादा मांडीच्या मागचा भाग आखडतो म्हणून रोज पाय खिडकीच्या कठड्यावर ठेवून ताण देत होते. कुणीतरी सांगितलेलं होतं. ताण दिला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि रात्री पोटरीपर्यंत ठणका. मी त्यांना कॉटच्या कडेला पाय सोडून बसवलं, पाठ पोक काढून, हनुवटी छातीला. गुडघा सरळ करायला सांगितला. अर्ध्यातच ओढ लागली. पाय तिथेच ठेवून फक्त मान वर करायला सांगितली आणि ओढ एकदम कमी झाली. मांडीमागचा स्नायू मानेला जोडलेला नाही. मानेपासून पायापर्यंत सलग जाणारी गोष्ट म्हणजे मज्जासंस्था. ओढ नसेची होती. चिडलेल्या नसेला रोज ताणलं तर ती आणखी चिडते. त्यांचं ताणणं आधी बंद केलं, कमरेवर काम केलं आणि नस हलकी पुढे-मागे सरकेल अशी हालचाल शिकवली: मान वर तेव्हा गुडघा सरळ, मान खाली तेव्हा गुडघा वाकडा. ठणका उतरत गेला. हा फरक बोटाला आणि अशा साध्या चाचणीला कळतो. एमआरआयमध्ये चकती सरकलेली दिसेलही, पण चाळिशीपुढच्या कितीतरी न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही तशी दिसते.

खांदा आखडण्याची, म्हणजे फ्रोझन शोल्डरची गोष्ट पुन्हा निराळी. एक एसटीचे ड्रायव्हर आले होते, पन्नाशीचे, मधुमेह असलेले. मधुमेहींमध्ये हे दुखणं बरंच जास्त आढळतं. कोपर अंगाला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगितलं तर फिरतच नव्हता. ही हालचाल सगळ्यांत आधी जाते. आधी एके ठिकाणी त्यांचा हात जोर लावून वर ओढला होता आणि त्यानंतर रात्रीची झोपच गेली होती. सांध्याभोवतीची पिशवी सुजलेली, पेटलेली असते त्या काळात ओढाताण म्हणजे आगीत तेल. तेव्हा हात फक्त हलकी, लयीतली झुलती हालचाल देतो, कळ सुरू होण्याच्या अलीकडे. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी सांध्याच्या अशा हालचालींच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या, पहिली अगदी बारीक आणि चौथी पल्ल्याच्या शेवटी. दुखणं जोरात असताना पहिल्या दोन, दुखणं कमी होऊन आखडलेपण उरलं की पुढच्या दोन. ड्रायव्हर काकांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, याला महिने लागतात, कधी वर्षाच्याही वर. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करून या. त्यांना खोटी मुदत दिली असती तर तिसऱ्या आठवड्यात ते उपचार सोडून गेले असते. झोप परत आली ती सर्वांत आधी. डोक्यावर हात नेऊन केस विंचरणं खूप नंतर.

अशक्तपणाबद्दल आणखी एक. मालिश करून दुबळा स्नायू बळकट होत नाही, कुठल्याही तेलाने नाही. तो कामानेच होतो. पण किती काम, हे अशक्तपणाच्या कारणावर ठरतं. गुडघ्यात पाणी झालं की मांडीच्या पुढच्या स्नायूला मज्जासंस्थाच लगाम घालते. तिथे सूज उतरवणं आधी, व्यायाम बरोबरीने. 2025च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची) साथ आली आणि लोकांना कळलं की धडधाकट माणूस काही दिवसांत पायांतून लुळा पडू शकतो. अशा रुग्णाचे सांधे आखडू नयेत म्हणून आपला हात रोज ते फिरवतो, स्नायू जागे होऊ लागले की अगदी थोडं काम देतो आणि थकवा दिसला की थांबतो. तिथे "जोर लावा, अजून जोर" असं ओरडणाऱ्या नातेवाइकांना मी प्रेमाने बाहेर बसवते.

पायाचा चवडा उचलला जात नाही, चप्पल निसटते, हातातून वस्तू पडतात, हे दुखण्यापेक्षा तातडीचं आहे. लघवी-संडासवरचा ताबा सुटणं किंवा बसायच्या जागेला बधिरपणा येणं, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, त्याबरोबर ताप, घटलेलं वजन, तर आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग डोक्यात ठेवलाच पाहिजे. एकच पोटरी अचानक सुजली, गरम झाली, तर तिला कुणालाही चोळू देऊ नका, रक्ताची गुठळी असू शकते. डाव्या खांद्यात आणि हातात कळ, घाम, छातीत दाटणं, तर फिजिओकडे नाही, थेट तातडीच्या विभागात. आणि महिनोन्‌महिने सगळं अंगच दुखत असेल तर बी-12, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड एकदा बघून घ्या. ह्या तपासण्या न करता नुसतं अंग दाबत राहणं मला मान्य नाही.

सलूनमध्ये केस कापल्यावर मान कडकन मोडून घेणारे अनेक जण आहेत. तो आवाज सांध्यातल्या द्रवात तयार होणाऱ्या वायूच्या पोकळीचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नाही. अशा झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. कृपा करून हे बंद करा.

त्याच वेळी घरगुती उपायांना हसणाऱ्यांतली मी नाही. निर्गुडीचा पाला गरम करून दिलेला शेक, बाळंतिणीचं अंग रोज चोळणारी अनुभवी बाई, उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेणं, हे सगळं मी माझ्या आजोळी पाहिलेलं आहे. ऊब आणि मायेचा हात यांनी स्नायू सैल पडतो. साधी उसण एरवीही काही दिवसांत उतरते. सुजलेल्या जागेला बिब्बा घालणं मात्र नको. त्याने कातडी भाजते आणि मधुमेह असेल तर जखम चिघळते.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. अनेक ठिकाणी दुखणाऱ्या माणसाला कॉटवर निजवतात, मशीनच्या पट्ट्या लावतात, "वीस मिनिटं करंट" आणि पुढचा पेशंट. कुणी खांद्याला हात लावून बघत नाही. करंटने तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि मीही कधी वापरते, पण ते उपचाराच्या सुरुवातीचं पाऊल आहे. 2021 मध्ये संबद्ध आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय कायदा झाला, त्यात फिजिओथेरपीला तिचं स्थान मिळालं. आता रुग्णांनीही आपला हक्क ओळखावा. पहिल्या भेटीत तुमची हालचाल बघितली का? दुखरी जागा हाताने चाचपली का? ताकद तपासली का? तुम्ही दिवसभर काय काम करता ते विचारलं का? नसेल तर न भिता सांगा, की आधी तपासा.

घरच्या घरी करायचं असेल तर असं करा. टेनिसचा चेंडू एका जुन्या मोज्यात घाला. भिंतीला पाठ लावून उभं राहा, चेंडू खांदा आणि कणा यांच्या मधल्या मांसल भागावर येऊ द्या, हाडावर नको. मोज्याचं तोंड हातात धरलं की चेंडू खाली पडत नाही. हळूच टेका आणि जिथे ओळखीची कळ येईल तिथे तीस सेकंद ते मिनिटभर थांबा, श्वास चालू ठेवून. दोन-तीन जागा पुरेत, दिवसातून एकदा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ झाली असतील किंवा तिथे सूज असेल तर हे करू नका. चेंडू बाजूला ठेवल्यावर लगेच, बसायच्या आधी, दोन्ही हात भिंतीवर टेकवून वर सरकवा, दहा वेळा. खांदे कानाकडे चढू द्यायचे नाहीत. सहज जमू लागलं की हातात पाण्याची अर्धा लिटरची बाटली घ्या.

पुढच्या वेळी गुडघ्याबद्दल लिहीन, त्यावर बरेच प्रश्न आले आहेत. प्रश्न पाठवताना दुखणं कधीपासून आहे आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढं जरूर कळवा.